‘सर्वानुमते’ या शब्दाची दुरुस्ती

आमच्या रात्र महाविद्यालयाच्या स्मरणिकेत माझ्याविषयी दोन पानं आहेत. त्यातली बहुतेक वाक्यं खरी आहेत, काही थोडी फुगवलेली आहेत आणि एक शब्द खोटा आहे. तो दोनदा आलाय. या अंकाच्या संपादकांनी ‘रात्रीच्या विद्यार्थ्यांच्या गमतीजमती लिहा’ असं सांगितलं, तेव्हा मी गमतींसाठीच हो म्हणालो. लिहायला बसलो आणि तो शब्दच आधी समोर येऊन बसला. गमतीही सांगतो, पण दुरुस्ती राहून जायला नको. माझं वय आता कामं पुढच्या वर्षावर ढकलण्याचं राहिलेलं नाही.

रात्र महाविद्यालय म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. नाशिक रोडला आमची इमारत दिवसा शाळेची असायची. संध्याकाळी साडेसहाला तीच इमारत आमची व्हायची. बाक पोरांच्या मापाचे, त्यामुळे चाळिशीतला माणूस गुडघे बाहेर काढून तिरपा बसायचा. नोटांच्या प्रेसमधले कामगार, रेल्वेतले कर्मचारी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले फिटर, दुकानांतल्या मुली, जेल रोडकडच्या मळ्यांतली माणसं असे आमचे विद्यार्थी. फळ्यावर सकाळच्या पाचवीच्या वर्गातली फळांची चित्रं असायची. ती पुसताना कोणीतरी हमखास म्हणायचं, ‘सर, आंबा तेवढा राहू द्या.’

तिथल्या मास्तराची खरी लढाई झोपेशी असते. त्यासाठी मी काही युक्त्या शिकलो होतो. पंखा एकवर ठेवायचा, दोनवर गेला की मागची रांग गेलीच. झोपलेल्याला उठवायचं नाही, त्याच्या शेजाऱ्याला प्रश्न विचारायचा. शेवटच्या तासाला टिपणं लिहून द्यायची नाहीत. आणि सनावळ्या कमी सांगायच्या. फोरमन, पाळी, ओव्हरटाइम, युनियन या शब्दांत बसेल ती प्रत्येक गोष्ट माझ्या वर्गाला चटकन कळायची. त्यामुळे अख्खा युरोप मला त्या शब्दांतून न्यावा लागला आणि त्याबद्दल मी त्या वर्गांचा ऋणी आहे. एरवी मी पुस्तकातलं पुस्तकासारखंच सांगत राहिलो असतो.

दुसऱ्या वर्षाला आधुनिक युरोपचा इतिहास होता आणि त्यात माझा लाडका धडा होता, ‘अनियंत्रित राजसत्तेचा उदय’. युरोपातल्या राजांच्या हाती सगळी सत्ता कशी आली, त्याची कारणं. परीक्षेत हा प्रश्न ठरलेला. माझे विद्यार्थी पाठांतराला कच्चे, म्हणून मी तो धडा करून दाखवायचो. टेबलामागची खुर्ची म्हणजे सिंहासन. उजवीकडची रांग सरदारांची, मधली धर्मगुरूंची, डावीकडची व्यापाऱ्यांची आणि शेतकऱ्यांची. मी राजा.

सुरुवातीला मी अगदीच लाचार राजा असायचो. किल्ले सरदारांचे, शिपाई सरदारांचे. लढायचं तर त्यांच्या दारात जायचं. कर हवा तर तिन्ही रांगांची सभा बोलवायची, आणि सभा आधी आपली गाऱ्हाणी वाचून दाखवायची. मग शेजारच्या राजाशी लढाई लागायची आणि ती संपता संपायची नाही. दर वेळी सभा कुठे बोलवत बसायचं, म्हणून सभाच म्हणायची, सैन्यापुरता एवढा कर चालू राहू द्या. लढाई संपायची, कर राहायचा. कर राहिला म्हणून सैन्य राहायचं. पदरी सैन्य आल्यावर सरदाराच्या दारात जायचं कारण उरायचं नाही.

प्रेसमध्ये काम करणारे पगारे पुढच्या बाकावर बसायचे. ते एकदा म्हणाले, ‘म्हंजे सर, ओव्हरटाइम पगारात धरला, असं झालं.’

‘धरला,’ मी म्हणालो, ‘पण कुणाच्या पगारात ते बघा.’

मग मी सरदारांना राजवाड्यात राहायला बोलवायचो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने हेच केलं. त्याच्या लहानपणी सरदारांनी बंड केलं होतं, ते तो विसरला नव्हता. त्याने त्यांना जवळ ठेवलं आणि मानपानात गुंतवलं. राजा झोपायला निघाला की मेणबत्ती कोणी धरायची, हा केवढा मोठा मान. मी उजव्या रांगेतल्या कोणाच्या तरी हातात डस्टर द्यायचो आणि सांगायचो, ‘आज हे धरायचा मान तुमचा.’ वर्ग हसायचा, आणि पाच मिनिटांत बाकीच्यांतून आवाज यायचा, ‘सर, उद्या माझ्याकडं.’ कारभाराला मी व्यापाऱ्यांची शिकलेली मुलं नेमायचो, कारण ती फक्त माझ्या मर्जीवर जगायची. मधल्या रांगेकडून वदवून घ्यायचो की राजाला देवानेच नेमलंय. सगळ्यात शेवटी मी एक कारण सांगायचो, जे पुस्तकात एका ओळीचं होतं: आपसातल्या लढायांनी वैतागलेली माणसं स्वतःहूनच म्हणू लागतात, कोणीतरी एकाने बघून घ्या आणि आम्हाला झोपू द्या.

मग मी विचारायचो, ‘आता सभा बोलवू का?’

‘बोलवा,’ वर्ग म्हणायचा.

‘गरज पडली नाही,’ मी म्हणायचो आणि खडू ठेवायचो. फ्रान्समध्ये ही न पडलेली गरज पावणेदोनशे वर्षं टिकली. धडा संपला.

हा धडा मी तीसेक वर्षं शिकवला. मधली काही वर्षं तो शिकवता शिकवता जगलोही, आणि ते मला कळलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमचे जुने प्राचार्य निवृत्त झाले आणि प्राध्यापकांत दोन तट पडले. एका तटाचे पुढारी वाणिज्य शिकवणारे खैरनार सर. दुसऱ्या तटाला पुढारी नव्हता, फक्त खैरनारांचा राग होता. त्या वर्षी सूचनाफलकावर दोन वेळापत्रकं लागली. एखाद्या वर्गावर एकाच तासाला दोन प्राध्यापक यायचे आणि दारातच ‘आधी तुम्ही’, ‘नाही, आधी तुम्ही’ असं अत्यंत सभ्य भांडण चालायचं. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गावर कोणीच यायचं नाही. आठ तासांचं काम करून आलेली माणसं फळ्यावरच्या आंब्याकडे बघून घरी जायची. मी कुठल्याच तटात नव्हतो. हा माझा समजूतदारपणा आहे असं लोक म्हणायचे. खरं म्हणजे मला भांडणाची भीती वाटते.

अखेर संस्थेच्या अध्यक्षांनी सभा घेतली. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. द्राक्षबागांच्या कामातून त्यांना सवड नसायची, त्यामुळे त्या दिवशीच प्रश्न मिटवून जायचं असं ठरवूनच ते आले होते. कोणीतरी उठून माझ्याकडे हात करत म्हणालं, ‘सरांना प्रभारी प्राचार्य करा आणि सर्वाधिकार द्या.’ टाळ्या वाजल्या. खैरनारांनीही वाजवल्या. दोन्ही तट दमले होते.

सर्वाधिकार हा शब्द आपल्याकडे किती सहज वापरतात. गणेश मंडळापासून पक्षापर्यंत कुठेही भांडण अडलं की सर्वाधिकार अमुक यांना, आणि मंडळी चहाला मोकळी. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. छाती थोडी फुगली होती, हेही सांगतो.

तेवढ्यात मागून एक हात वर झाला. मंदा बोरसे. अर्थशास्त्र शिकवायच्या. नामपूरच्या. दिवसा शाळेत शिकवून संध्याकाळी आमच्याकडे यायच्या. बोलायच्या शुद्ध, पण चिडल्या की अहिराणी बाहेर पडायची.

‘माझा विरोध आहे,’ त्या म्हणाल्या.

‘सरांना?’ अण्णांनी विचारलं.

‘सरांना नाही. सर्व या शब्दाला. वेळापत्रकाचा अधिकार द्या, कामवाटपाचा द्या. सर्व कशाला? आणि कधीपर्यंत?’

‘बाई, एकमताचं चाललंय. गालबोट कशाला लावता?’

‘एकमत कुठे आहे, अण्णा? मी बोलतेय ना.’

लोक हसले. खैरनार म्हणाले, ‘मॅडमचा विरोध प्रेमाचा आहे. सर्वानुमते धरायला हरकत नाही.’

‘हाई काय शे?’ मंदाताई म्हणाल्या. ‘सर्वांमध्ये मी नाही का?’

पण चहा आला होता. कप वाजायला लागले आणि अण्णांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं की एक विरोध आहे, तो नोंदवा. त्याने माझं काहीच बिघडलं नसतं. मला ते सुचलंही होतं. मी उठलो आणि म्हणालो, ‘आपण सर्वांनी एकमताने जो विश्वास दाखवलात...’ मंदाताई माझ्याकडे बघत होत्या. मी खैरनारांकडे बघून बोललो.

स्मरणिकेत छापलंय की ठराव सर्वानुमते झाला. तो तसा झाला नाही. तो तसा मी केला.

पुढची तीन-चार वर्षं कॉलेज चांगलं चाललं, हे मी भीड न ठेवता लिहितो. एकच वेळापत्रक लागलं आणि ते पाळलं गेलं. निकाल सुधारले, मुली वाढल्या, जिन्यात ट्यूब लागल्या. अनियंत्रित राजे लोकांना सुरुवातीला का आवडत असतील, ते मला आतून समजलं. रस्ते होतात, चोऱ्या थांबतात, आणि कोणालाही सभेला बसून राहावं लागत नाही. पहिल्या वर्षी मी सभेची तारीख ठरवली होती. परीक्षा आल्या म्हणून पुढे ढकलली. मग ठरवायची राहिली. कोणी विचारलंही नाही. ज्याला काही हवं असायचं तो माझ्या खोलीत यायचा. शेवटचा तास नको, शनिवार मोकळा हवा, मुलाची मुंज आहे. मी बहुतेकांना देऊन टाकायचो. देताना फार बरं वाटायचं. खैरनारांना मी सांस्कृतिक प्रमुख केलं. त्या पदाला काम काहीच नव्हतं, पण खोलीच्या दारावर पाटी होती. त्यानंतर ते माझ्याशी कधीच भांडले नाहीत.

मग विजेचं भारनियमन सुरू झालं. संध्याकाळी दिवे जायचे. प्राध्यापकांनी सुचवलं की साडेसहाऐवजी साडेपाचला भरवू, उजेडात एक तास तरी होईल आणि घरीही लवकर पोचता येईल. मी एका दुपारी सही केली. मला ते शहाणपणाचंच वाटलं. विद्यार्थ्यांपैकी कोणाला विचारावं, असं मनातही आलं नाही.

आठवड्याभरात कुसुम विधाते खोलीत आल्या. त्या पंचक गावच्या. घरचा भाजीचा मळा. स्वतः अंगणवाडीत सेविका. लग्नानंतर बारावी केली, मग आमच्याकडे आल्या. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसायचं, त्यासाठी पदवी हवी आणि त्या परीक्षेला वयाची अट. सगळं वर्षांत मोजून त्या कॉलेजला आल्या होत्या. एक वर्षही गाळायला जागा नव्हती, हे त्यांनी प्रवेशाच्या वेळीच मला सांगितलं होतं.

‘सर, पालेभाजीचा लिलाव संध्याकाळचा असतोय,’ त्या म्हणाल्या. ‘मेथी, कोथिंबीर दुपारून उपटायची, जुड्या बांधायच्या. मालक टेम्पो घेऊन गेले की मंग मी निघते. साडेपाचला नाय जमत.’

‘एकच तास बुडेल.’

‘रोजचा पयला तास तुमचाच हाय, सर. इतिहासाचा.’

‘हजेरीचं पंचाहत्तर टक्क्यांचं बघा म्हणजे झालं.’

‘ते कसं बघू? टाइम तुम्हीच बदलला ना. तुम्हीच परत बदला.’

किती साधं होतं ते. मी म्हणालो, ‘सगळ्यांच्या सोयीने ठरलंय.’ त्यांनी मान हलवली आणि गेल्या. माझ्या टेबलाला कोथिंबिरीचा वास बराच वेळ येत होता.

मंदाताईंनी कोणालाही न विचारता एक गोष्ट सुरू केली. शेवटचा तास संपल्यावर त्या उशिरा येणाऱ्या पाच-सहा जणांना घेऊन बसायच्या आणि त्यांचा बुडालेला तास भरून काढायच्या. दिवे नसले तर कंदील. अर्थशास्त्राच्या बाई, पण माझ्या इतिहासाची टिपणंही वाचून घ्यायच्या. सत्र संपताना त्यांनी त्या तासांची हजेरी माझ्यापुढे ठेवली.

‘ही धरा.’

‘वेळापत्रकाबाहेरचे तास धरता येत नाहीत.’

‘मग सभा बोलवा आणि सभेला विचारा.’

‘सभेत नुसता गोंधळ होतो, मंदाताई.’

‘किती वर्षं झाली सभा होऊन?’

‘गरज पडली नाही,’ मी म्हणालो.

त्यांनी हजेरीचे कागद नीट जुळवले. मग म्हणाल्या, ‘हे वाक्य तुम्ही दर वर्षी वर्गात म्हणता. पोरं हसतात तेव्हा.’

मला राग आला. इतका राग मला बायकोचासुद्धा कधी आला नव्हता. मी ती हजेरी बाजूला सारली. कुसुम विधातेंची हजेरी कमी भरली, परीक्षेचा अर्ज गेला नाही आणि वर्ष गेलं. पुढच्या सत्राला मंदाताईंना मी रोज साडेपाचचा तास दिला. त्यांची दिवसाची शाळा सव्वापाचला सुटते हे मला ठाऊक होतं. त्या रोज धापा टाकत आल्या आणि एकदाही उशिरा आल्या नाहीत.

त्याच दिवसांत एकदा शेवटच्या तासाला दिवे गेले. मी खोलीतून निघालो, तर खैरनार मेणबत्ती घेऊन उभेच होते. ‘या सर, जिन्यात पायरी तुटलीय.’ मी त्यांच्या मागून उतरू लागलो. खालून मंदाताई आपला कंदील घेऊन वर येत होत्या. त्या कडेला झाल्या, आमच्याकडे पाहिलं आणि खैरनारांना म्हणाल्या, ‘आज मान तुमचा वाटतं.’

खैरनारांना काही कळलं नाही. ते म्हणाले, ‘हो ना, मॅडम.’ मला मात्र पायरी दिसेना.

कळलं तेव्हाही मी लगेच बदललो नाही. हेही लिहून ठेवायला हवं, नाहीतर ही गोष्ट आहे त्याहून बरी वाटेल. त्यानंतर चार-पाच आठवड्यांनी तो धडा आला. कुसुमताई दुसऱ्या वर्षाला पुन्हा बसल्या होत्या. जुड्या बांधायचं काम जावेवर सोपवून त्या आता साडेपाचला येत. आदल्या वर्षी त्यांचा पहिला तास बुडायचा, म्हणून हा धडा त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. पगारे आता शेवटच्या वर्षाला होते, पण हा धडा ऐकायला मागे येऊन बसले होते. मी खुर्चीत बसलो, डस्टर वाटला, सगळं केलं. शेवटी त्या वर्षी मी डेन्मार्कची गोष्ट जोडली. तिथे लढाईने देश बेजार झाला होता. सभा भरली आणि त्या सभेनेच सगळी सत्ता राजाच्या स्वाधीन केली. सरदार नाखूश होते. मग राजधानीचे दरवाजे बंद झाले आणि तेही तयार झाले.

‘म्हंजे झालं सर्वानुमते,’ पगारे मागून म्हणाले. वर्ग हसला.

कुसुमताई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘सर, शेवटपर्यंत एकानंबी नाय म्हटलं नाय का?’

‘म्हटलं असेल.’

‘त्याचं नाव काय?’

‘या पुस्तकात नाही.’

‘का नाय?’

माझ्याकडे उत्तर होतं. तेवढ्यापुरतं मी ते इतिहासाचं उत्तर म्हणून दिलं. ‘लिहिणारी माणसं राजाची असतात.’

‘मंग ज्यानं नाय म्हटलं त्याचं फुकटच गेलं,’ कुसुमताई म्हणाल्या आणि वहीत लिहू लागल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या पहिल्या सभेत त्या नव्हत्याच, त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना खरंच त्या माणसाचं वाईट वाटलं होतं.

घंटा झाली तरी मी खुर्चीतून उठलो नाही. ‘आता सभा बोलवू का?’ हे वाक्य त्या दिवशी मी वर्गाला विचारलं नाही. खोलीत जाऊन सभेची सूचना लिहिली आणि स्वतःच फलकावर लावून आलो.

ती सभा मी जन्मात विसरणार नाही, कारण तीत माझी फजिती झाली. मी म्हणालो, सर्वाधिकाराचा ठराव रद्द करा, दर सत्राला सभा घ्या आणि वेळ पुन्हा साडेसहा करा.  मग सगळे मला समजवायला लागले. ‘सर, कोणी काही बोललं का?’ ‘सर, चाललंय ते छान चाललंय.’ खैरनार उठून उभे राहिले. ते म्हणाले, ‘आमच्याकडून काही चुकलं असेल तर सांगा, पण असं करू नका.’ सत्ता घेताना मला दहा मिनिटं लागली होती. परत करताना दीड तास लागला. कोणाला ती नकोच होती. आणि मग साडेसहाच्या वेळेवर हात वर करायला सांगितलं, तर माझ्या बाजूने दोनच हात आले, एक माझा आणि एक मंदाताईंचा. बाकी सगळे साडेपाचला.

मी पडलेल्या चेहऱ्याने बसलो. मंदाताई मात्र पदर खोचून हसत होत्या. ‘आता झाली खरी सभा,’ त्या म्हणाल्या. ‘सर हरले.’ आणि लगेच उठून त्यांनी दुसरा ठराव मांडला: पहिला तास रोज शेवटी पुन्हा घ्यायचा, ज्याला जमेल त्याने जमेल त्या वेळी बसावं, हजेरी दोन्हींची धरावी. जो प्राध्यापक शेवटचा तास घेईल त्याला सकाळचं परीक्षेचं काम माफ. हा ठराव थोडक्या मतांच्या फरकाने मंजूर झाला. मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं ते तिथे पंधरा मिनिटांत निघालं. पुढच्या सत्रापासून शेवटचा तास मी घेऊ लागलो. तुटकी पायरी दुरुस्त करायचंही त्याच सभेत ठरलं. तोवर ती दुरुस्त करा असं मला कोणी म्हटलं नव्हतं, कारण सगळे मेणबत्ती धरायच्या नादात होते.

कुसुमताई बी. ए. झाल्या, दुसऱ्या वर्गात. पण एका वर्षाने उशिरा. त्या एका वर्षात वयाची अट ओलांडली गेली आणि पर्यवेक्षिकेची परीक्षा त्यांना देता आली नाही. त्यांच्याबरोबरीच्या एक बाई ती परीक्षा पास होऊन त्यांच्याच अंगणवाडीची तपासणी करायला येऊ लागल्या. हे मला मंदाताईंनी सांगितलं. कुसुमताईंनी कधीच सांगितलं नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाची सभा झाली. अण्णा अध्यक्ष. माजी विद्यार्थी आले होते. पगारे सफारी घालून आले होते. मागच्या ओळीत कुसुमताई होत्या. खैरनारांनी कृतज्ञतेचा ठराव वाचला. त्यात एक वाक्य होतं की सरांच्या कारकिर्दीत एकाही विद्यार्थ्याचं नुकसान झालं नाही. टाळ्या सुरू झाल्या आणि अण्णा म्हणाले, ‘सर्वानुमते...’

मंदाताईंचा हात वर होता.

‘बाई, आज तरी,’ अण्णा म्हणाले.

‘अण्णा, सरांबद्दल मला जेवढा आदर आहे तेवढा या खोलीत कोणाला नसेल,’ त्या म्हणाल्या. ‘पण त्या एका वाक्याला माझा विरोध आहे. एकीचं नुकसान झालं. ती इथे बसलीय.’

 माझ्या गळ्यात हार होता, पुढ्यात नारळ होता. मी उठलो. या वेळी चहा यायच्या आत बोललो. ‘अण्णा, त्या म्हणतात ते खरं आहे. विरोध एक, असं लिहून घ्या. आणि ते वाक्य काढा.’

सभा संपल्यावर कुसुमताई पुढे आल्या. सगळ्यांनी गुच्छ आणले होते, त्यांनी मेथीची जुडी आणली होती, गवताच्या दोरीने बांधलेली. माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, ‘बाई बोलल्या ते खरंच हाय, सर. ते वर्ष माझं गेलंच.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘पण तुमचा शेवटचा तास मी एकबी चुकवला नाय.’

मी जुडी दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. आजही त्यावर काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नाही. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही, ते म्हणणं माझ्या अधिकारातलं नाही. त्या आल्या, खरं बोलल्या आणि जुडी देऊन गेल्या, यासाठी मी त्यांचा आभारी आहे.

स्मरणिका दोन वर्षांनी निघाली. छापणाऱ्यांनी सवयीने दोन्ही ठिकाणी ‘सर्वानुमते’ छापलं. कोणाचाच वाईट हेतू नव्हता. तो शब्द आपल्या हाताला इतका बसलाय की ठराव लिहायला घेतला की आपोआप उतरतो.

हे लिहिण्याआधी मी मंदाताईंना फोन केला. त्या आता नामपूरला असतात. बाजारात कांद्याची आवक वाढली की घरासमोर ट्रॅक्टरची रांग लागते, फोनवर नीट ऐकू येत नाही. मी ओरडून विचारलं, तुमचं नाव घालू का?

‘घाला की,’ त्या म्हणाल्या. ‘पण मी एकटीच शहाणी होते असं लिहू नका. तुम्ही तो शेवटचा तास निवृत्त होईपर्यंत घेतलात, तेही लिहा.’

‘ते लिहिणं बरं दिसणार नाही.’

‘बघा, अजून सगळं तुम्हीच ठरवताय.’

म्हणून तेही लिहिलं. आता दुरुस्ती.

स्मरणिकेत माझ्यावरच्या पहिल्या पानावर ‘सर्वाधिकार देण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर’ असं आहे. तिथे वाचावं: बहुमताने मंजूर, विरोधात मंदा बोरसे. दुसऱ्या पानावर ‘कृतज्ञतेचा ठराव सर्वानुमते मंजूर’ असं आहे. तिथे वाचावं: एक वाक्य वगळून मंजूर, वगळलेल्या वाक्याच्या विरोधात मंदा बोरसे आणि मी.